दुखावलेले बालपण आणि प्राथमिक शाळा

प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर अशी दोन-चार नावे असतातच की, ज्यांच्याविषयी बोलताना शिक्षकांचा स्वर नकळत बदलतो. एक मूल क्षुल्लक कारणावरून शेजाऱ्यास बोचकारते. दुसरे दिवसभर खिडकीबाहेर पाहत बसते आणि नाव पुकारले की दचकते. तिसरे पोषण आहारातील अन्न दप्तरात लपवून ठेवते. चौथे मूल, खरे सांगण्यात काहीच तोटा नसतानाही, खोटे उत्तर देते. अशा मुलांना द्वाड, मठ्ठ, हावरट, खोटारडे अशी नावे पडतात. आणि एकदा पडलेले नाव मुलाबरोबर वरच्या वर्गात, पुढील शिक्षकाकडे जाते.

या सर्वच मुलांच्या वागण्याचे कारण एक नसते. काहींची दृष्टी वा श्रवणशक्ती अधू असते, काहींना आजार असतो, काही नुसतीच खेळकर असतात. परंतु त्यांपैकी काही मुले अशी असतात की, ज्यांचे बालपण घरातच वर्षानुवर्षे दुखावले गेलेले असते. अशा बालपणाचे स्वरूप काय, त्याचा परिणाम वर्गात कसा दिसतो आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षकास त्या बाबतीत काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका रात्रीचा आघात आणि रोजचा आघात

आपल्या जिल्ह्याने अलीकडील काळात मोठे आघात पाहिले आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले, भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराच्या पाण्याखाली गेले व त्याच दिवसांत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळली. अशा प्रसंगातून गेलेली मुले पावसाचा जोर वाढला की घाबरतात, रात्री ओरडत उठतात. त्यांच्या भीतीचे कारण सर्वांस समजते. आपत्ती सर्व गावाने पाहिलेली असते. शेजारी धावून येतात, मदतीच्या गाड्या येतात, वृत्तपत्रांत बातमी येते. मुलास कोणी “खोटे बोलतोस” असे म्हणत नाही. मुख्य म्हणजे त्या भीतीत त्याला बिलगावयास कोणीतरी असते.

परंतु ज्या घरात रोज संध्याकाळी दारूच्या नशेत मारहाण होते, ज्या घरात आईस मार पडताना मूल कोपऱ्यात बसून पाहते, ज्या घरात मुलास उपाशी ठेवले जाते, “तू जन्मलाच नसतास तर बरे झाले असते” असे वारंवार ऐकविले जाते, किंवा जेथे जवळचाच नातेवाईक मुलाच्या शरीराशी अनाचार करतो, त्या घरातील आपत्तीची बातमी होत नाही. तेथे मदतीची गाडी येत नाही. ती एका रात्रीत संपतही नाही. उद्या पुन्हा घडणार हे मुलास ठाऊक असते. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची, अशी त्या मुलाची स्थिती होते. कारण ज्याची भीती वाटते त्याच माणसाकडून त्याला अन्न, वस्त्र व निवारा मिळत असतो. वारंवार, दीर्घकाळ आणि आपल्याच माणसांकडून झालेल्या अशा दुखापतीस मानसशास्त्रज्ञ बालपणीचा जटिल आघात म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली, अशा आघातातून उद्भवणाऱ्या विकारास प्रथमच स्वतंत्र स्थान दिले. युद्ध वा अपघात यांसारख्या एखाद्या भयंकर प्रसंगानंतर होणाऱ्या विकारापासून तो वेगळा मानण्यात आला. मात्र आघात सोसलेल्या प्रत्येक मुलास हा विकार होतोच असे नाही, आणि तो आहे की नाही हे ठरविणे तज्ज्ञ डॉक्टरांचे काम आहे. शिक्षकाने कोणत्याही मुलाच्या नावापुढे असे शब्द लिहू नयेत. आपल्यास हवी आहे ती केवळ समज.

दारिद्र्य म्हणजे आघात नव्हे

येथे एक शंका साहजिकपणे निघेल. कोकणात कष्टाचे बालपण काही नवीन नाही. वडील मुंबईस चाकरीला, आई दुसऱ्याच्या बागेत मजुरीला, मूल आजीजवळ, अशा घरांतून कित्येक कर्तबगार माणसे पुढे आली. मग त्या साऱ्यांचेच बालपण दुखावलेले समजावयाचे काय?

या शंकेचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका थोर शिक्षकाच्या चरित्रात सापडते. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घरची सधनता गेली, कर्ज झाले, अपमान सोसावे लागले, आणि १९१७ साली आईचा मृत्यू झाला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकातील दुःख खरे आहे. तथापि त्या दुःखात श्यामला घट्ट धरून ठेवणारे एक माणूस आहे. पोहावयास घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, हा प्रसंग अनेक शिक्षक छडीच्या समर्थनार्थ सांगतात. परंतु त्याच प्रसंगात ती पुढे त्याला जवळ घेते आणि आपण असे का केले ते समजावून सांगते, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. श्यामच्या मनात जे टिकले ते या जवळिकेमुळे टिकले. मार योग्य होता असा त्याचा अर्थ नव्हे. तुटलेले पुन्हा जोडले गेले की मूल सावरते, एवढाच त्याचा बोध आहे.

याच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवून पाहावे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा आजोबांच्या घरी वाढला. बापाचे नाव नाही, आई दूर, घरात राबणूक, उपासमार व मार, बाहेर लोकांचे टोमणे, अशा स्थितीत शिकून ते डॉक्टर झाले आणि त्यांनी आपल्या नावापुढे आईचे नाव लावले. २००७ साली अपघातात त्यांचे निधन झाले. येथे दारिद्र्य तर होतेच. परंतु दारिद्र्याहून अधिक बोचणारी गोष्ट अशी की, ज्या घरात आसरा होता तेच घर दुखावीत होते, आणि ज्या आईची ओढ होती ती हाताशी नव्हती.

या दोन पुस्तकांतील भेद शिक्षकाने ध्यानात घ्यावा. मूल गरीब आहे की श्रीमंत, यावरून आघाताचा अंदाज बांधता येत नाही. सुस्थितीतील घरांतही मुले भीतीने वाढत असतात. आणि मासेमारीच्या नौकांवर वा आंब्याच्या बागांत राबणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या झोपडीतही मूल प्रेमाने वाढत असते. पाहावयाचे ते हे की, या मुलास भीती वाटली असता ज्याच्याजवळ जावे असे एक तरी माणूस आहे काय?

हा प्रश्न थोड्या मुलांपुरता आहे असेही समजू नये. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी आहे. तीत प्रत्येक तीन मुलांपैकी दोन मुलांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे, तर निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे आढळले. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेतच मार खाल्ल्याचे सांगितले. हा शेवटचा आकडा आपल्या व्यवसायाविषयी आहे.

शरीर भीती कशी शिकते

दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आघाताचे शास्त्र थोडक्यात सांगते. मेंदूत धोक्याची सूचना देणारा एक भाग आहे. धोका जाणवताच तो शरीरास सज्ज करतो. हृदयाची धडधड वाढते, स्नायू ताठ होतात. मग प्राणी लढतो, पळतो, किंवा दोन्ही शक्य नसल्यास निश्चल होऊन राहतो. धोका टळला की शरीर पूर्ववत शांत होते. ही व्यवस्था जीव वाचविण्यासाठीच आहे.

परंतु ज्या मुलाच्या घरात धोका रोजचाच असतो त्याचे शरीर शांत होण्यास शिकतच नाही. सूचना देणारी घंटा वाजतच राहते. वडिलांच्या पावलांचा आवाज, बाटलीचा वास, आवाजाची चढती पट्टी, यांवरून पुढे काय होणार हे ओळखण्यात ते मूल तरबेज होते. घरात ही तरबेजी त्याला उपयोगी पडते. शाळेत मात्र तीच त्याच्या आड येते. गुरुजींनी डस्टर टेबलावर आपटले तरी त्याचे शरीर घरातील प्रसंगाचीच तयारी करते. अशा वेळी पाढे पाठ होत नाहीत. विचार करणे, आठवणे, शब्द जुळविणे ही मेंदूची कामे शांत स्थितीतच नीट चालतात. म्हणून “काल येत होते, आज कसे येत नाही?” या प्रश्नास ते मूल उत्तर देऊ शकत नाही, त्याचे उत्तर बहुधा काल रात्री घरी घडलेल्या गोष्टीत असते.

वर्गात दिसणारी लक्षणे

तज्ज्ञांनी या विकाराची जी लक्षणे सांगितली आहेत, ती प्राथमिक वर्गात पुढील स्वरूपात दिसू शकतात.

पहिले, झालेला प्रसंग पुन्हा आत्ताच घडत आहे असे वाटणे. मूल एकाएकी थिजते, रडू लागते किंवा कारणावाचून अंगावर धावून येते. दुसरे, टाळणे. विशिष्ट माणूस, जागा वा विषय निघताच ते उठून जाते. शाळा सुटली तरी घरी जाण्यास रेंगाळते. तिसरे, सतत सावध राहणे. पाठ भिंतीकडे करून बसणे, दाराकडे लक्ष ठेवणे, हात उचलला की डोके झाकून घेणे. चौथे, भावना आवरता न येणे. रागाचा मोठा झटका येतो, किंवा उलटपक्षी मारले तरी डोळ्यांत पाणी येत नाही. पाचवे, स्वतःविषयी हीन भावना. “मी वाईटच आहे”, “माझ्यामुळेच होते” असे मूल बोलते. चांगले अक्षर काढून तेच पान फाडते. सहावे, नात्यांतील अडचण. एखादे मूल कोणासही जवळ येऊ देत नाही, तर दुसरे नवख्या माणसासही चिकटते.

याशिवाय अन्न साठविणे, मोठ्या मुलासही अंथरुणात लघवी होणे, वारंवार पोट वा डोके दुखणे, वयास न शोभणारे लैंगिक बोलणे वा खेळ, आणि अंगावरील खुणांची पटण्यासारखी नसलेली कारणे, यांकडेही लक्ष असावे. एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. काही आठवडे पाहावे, दिनांक घालून टिपण ठेवावे, आणि त्यात कोणत्या दिवशी काय घडते हे पडताळावे. सोमवारी वा मोठ्या सुटीनंतर मूल अधिक बिघडलेले दिसते काय? गणपती व शिमगा म्हटले की बहुतेक मुले आनंदतात, कारण मुंबईची माणसे घरी येतात. एखादे मूल मात्र त्याच सुमारास कोमेजत असेल तर त्याची नोंद शिक्षकानेच घ्यावयास हवी. दुसरे कोणी घेणार नाही.

बरे होणे म्हणजे काय

बरे होणे म्हणजे झालेले विसरणे नव्हे. झालेली गोष्ट पुसता येत नाही. परंतु तिची पकड सैल होऊ शकते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बरे होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी सुरक्षितता. दुसरी, झालेले आठवून त्याचा शोक करणे. आणि तिसरी, लोकांशी व जगण्याशी पुन्हा नाते जोडणे. यांपैकी दुसरी पायरी प्रशिक्षित तज्ज्ञाच्या साहाय्यानेच चढावयाची असते. शिक्षकाने तीत हात घालू नये. परंतु पहिली आणि तिसरी पायरी या शाळेच्या अंगणातील पायऱ्या आहेत, हे आपण विसरतो.

याविषयीचा एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध आहे. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या वयाच्या चाळिशीपर्यंत घेतला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकदमच सापडलेली होती. त्यांतील प्रत्येक तीन मुलांपैकी एक मूल पुढे समर्थ, मायाळू व उद्योगी माणूस झाले. या सावरलेल्या मुलांमध्ये एक गोष्ट वारंवार आढळली: त्यांना आपले म्हणणारे निदान एक स्थिर माणूस लाभले होते. ते कधी आजी होती, कधी शेजारी, आणि पुष्कळदा एखादा शिक्षक.

याची साक्ष आपल्या जिल्ह्यातही आहे. देवरुख येथे इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली एका लहानशा प्रसूतिगृहाच्या रूपाने ‘मातृमंदिर’ सुरू केले. पुढे तेथेच निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ उभे राहिले. सर्व लोक इंदिराबाईंना मावशी म्हणत. या संबोधनात पुष्कळ अर्थ आहे. मावशी आईची जागा बळकावीत नाही. पण आई नसेल तेथे ती असते. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप, आजारपणात उशाशी बसणारे माणूस आणि शाळेत पाठविण्याचा आग्रह, या साध्या गोष्टी रोज घडत राहिल्या तर मुलाच्या शरीरास हळूहळू पटू लागते की येथे धोका नाही. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना तेथील छात्रालयात हेच केले. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे सामान नीट लावून ठेवणे ही कामे ते स्वतः करीत. घर सोडून आलेल्या मुलांना त्यातून जे कळत असे ते उपदेशाने कळले नसते.

शिक्षकाने काय करावे

पुढील गोष्टींना पैसा लागत नाही. आपल्या जिल्ह्यात कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. त्याविषयी आपण खंत करतो. परंतु प्रत्येक मुलाचा चेहरा रोज पाहता येतो, हा अशा शाळेचा मोठा लाभ आहे.

(१) दिवसाचा क्रम ठरलेला असावा व तो फळ्याच्या कडेस लिहिलेला असावा. परिपाठ, गणित, जेवणाची सुटी, खेळ, यांत बदल होणार असेल तर आगाऊ सांगावा. पुढे काय होणार हे कळणे, हाच भ्यालेल्या मुलाचा पहिला विसावा होय.

(२) मुलाच्या मागून येऊन एकदम पाठीवर हात ठेवू नये. समोरून यावे, नाव घ्यावे, आवाज खाली ठेवावा. रागाचा झटका आलेल्या मुलास त्या क्षणी प्रश्न विचारू नयेत. बाजूस बसू द्यावे, पाणी द्यावे आणि जवळपास राहावे. बोलणे शांत झाल्यावर करावे.

(३) लहानसहान निवड मुलाकडे द्यावी. “पाटीवर लिहितोस की वहीत?” एवढा प्रश्नही पुरतो. ज्याच्या आयुष्यात कोणतीच गोष्ट त्याच्या मनाप्रमाणे घडली नाही, त्याला यातून आपल्या हाती काही आहे असे वाटू लागते.

(४) चूक झाल्यास परिणाम लहान परंतु निश्चित असावा, आणि नाते तुटू देऊ नये. सांडलेली शाई त्याने पुसावी. पुसून झाल्यावर त्याच दिवशी त्याच्याशी नेहमीसारखे बोलावे. रुसून न बोलणारे शिक्षक या मुलांना छडीइतकेच लागतात.

(५) खरे उपयोगाचे काम सोपवावे. ग्रंथपेटी सांभाळणे, परसबागेस पाणी घालणे, पहिलीतील मुलास अक्षरे गिरवून देणे, अशा कामांनी “मी वाईटच आहे” ही समजूत उपदेशावाचून ढिली होते.

(६) अन्न लपविणाऱ्या मुलाचे दप्तर चारचौघांत उघडू नये. त्याला पोटभर वाढावे, आणि उद्याही जेवण आहे हे रोज सांगावे. कित्येक आठवड्यांनी का होईना, लपविणे कमी होते.

(७) बदली झाल्यास मुलास न सांगता जाऊ नये. ज्याला माणसे न सांगता सोडून गेली आहेत, त्याला गुरुजींची रिकामी खुर्ची ही जुनीच जखम वाटते. निदान पंधरा दिवस आधी सांगावे, बदली त्याच्यामुळे झालेली नाही हे स्पष्ट बोलावे, आणि नव्या शिक्षकास त्या मुलाविषयी काय उपयोगी पडते ते सांगून जावे. चुगली सांगू नये, किल्ली द्यावी.

प्रगती सरळ रेषेत होत नाही. दोन महिने शांत असलेले मूल एखाद्या दिवशी पुन्हा बोचकारेल. किंबहुना विश्वास बसू लागला म्हणजे काही मुले मुद्दाम परीक्षा पाहतात: “आता तरी हे मला टाकतील काय?” त्या परीक्षेत शिक्षकाने उत्तीर्ण व्हावयाचे असते.

काय टाळावे

शिक्षकाने घरी केलेली तक्रार कोणत्या हाती जाते, याचा आधी विचार करावा. “तुमचा मुलगा अभ्यास करीत नाही” या एका वाक्याची किंमत ते मूल त्या रात्री पाठीवर मोजते. अशा घरी काही सांगावयाचेच असेल तर मुलाची एखादी चांगली गोष्ट आधी सांगावी, आणि मारहाणीने काम बिघडेल हेही सांगावे.

‘माझी आई’, ‘माझे बाबा’ हे निबंध आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते बंद करावेत असे नव्हे; परंतु सोबत ‘मला आवडणारे माणूस’ असा पर्याय द्यावा. मुलाचे दुःख वर्गात, पालकसभेत वा चहाच्या टपरीवर उच्चारू नये. गावात बातमी पसरावयास वेळ लागत नाही, आणि ती पसरली म्हणजे मूल पुन्हा कधीही तोंड उघडीत नाही. खोदून खोदून विचारणे, तसेच “विसरून जा”, “आईबापांविषयी असे बोलू नये” असे सांगणे, ही दोन्ही टोके वर्ज्य समजावीत.

मूल बोलले तर

एखाद्या दिवशी मूल आपण होऊन सांगेल. त्या वेळी हातातील काम ठेवावे आणि ऐकावे. चेहऱ्यावर धक्का वा संताप दाखवू नये. “सांगितलेस हे बरे केलेस. यात तुझा दोष नाही.” इतके बोलणे पुरेसे आहे. “कोणालाही सांगणार नाही” असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. “तुला मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावे लागेल” हे खरे वाक्य सांगावे. मुलाचे शब्द तसेच्या तसे, दिनांक व वेळ घालून लिहून ठेवावेत आणि कागद कुलुपात ठेवावा.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, जो पोक्सो या नावाने ओळखला जातो, त्याच्या कलम १९ अन्वये असा अपराध घडल्याचे कळल्यास अथवा घडण्याची भीती वाटल्यास पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. “घराण्याची अब्रू” वा “गावाचे नाव” ही सबब तेथे चालत नाही. पुरावा गोळा करणे वा आरोप खरा की खोटा हे ठरविणे शिक्षकाचे काम नाही. कळविणे हे आहे. मुलाची ओळख गुप्त ठेवणे हीदेखील कायद्याचीच आज्ञा आहे.

मारहाण, उपासमार वा निराधारपणा या बाबतींत १०९८ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही विनामूल्य दूरध्वनी करता येतो. बाल न्याय अधिनियम २०१५ अन्वये जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. मुलाच्या संरक्षणाचा निर्णय ती घेते. एक वा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. मानसिक त्रासाविषयी सल्ला हवा असल्यास १४४१६ हा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे व तेथे मराठीत बोलता येते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरी शहरातच आहे. ‘वेड्यांचे इस्पितळ’ ही जुनी ओळख मनातून काढून टाकून तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास संकोच करू नये. मुलास तेथपर्यंत नेण्यासाठी घरातील एखादे समजूतदार माणूस, आशा कार्यकर्ती वा अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य होते.

छडीविषयी आणि स्वतःविषयी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. छडीवाचून विद्या नाही, ही समजूत तरीही पुष्कळांच्या मनात घर करून आहे. घरी मार खाणाऱ्या मुलास शाळेत मार दिला म्हणजे जगात सुरक्षित जागा कोठेच नाही असा धडा मिळतो, आणि तो धडा ते फार पक्का शिकते. एरवी निरोगी असलेल्या मुलास थोड्या माराने काही होत नाही असे मानणाऱ्यांनीही एवढा विचार करावा की, वर्गातील कोणत्या मुलास घरी काय सोसावे लागते हे छडी उगारताना आपल्यास ठाऊक नसते.

शेवटी एक नाजूक गोष्ट. आपल्यापैकी अनेकांचे बालपणही मार, भीती व अबोला यांत गेले असेल. अशा शिक्षकास विशिष्ट मुलाचा अकारण संताप येतो, किंवा त्याच्यासाठी रात्रीची झोप जाते. यात कमीपणा नाही. अशा वेळी वर्गाबाहेर क्षणभर उभे राहावे, सहकाऱ्याशी बोलावे, आणि त्रास टिकून राहिल्यास स्वतःही तज्ज्ञाकडे जावे. मोठेपणीही ही जखम बरी होते. वय उलटून गेले असे तिच्या बाबतीत म्हणता येत नाही. एकटा शिक्षक प्रत्येक मुलास वाचवू शकत नाही, आणि तसे ओझेही त्याने घेऊ नये. आपल्या वाट्यास आलेले तास भीतीवाचून जातील एवढे पाहणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

सर्व शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे की, येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत या विषयासाठी एक तास राखून ठेवावा. मुलांची नावे न घेता आपापली टिपणे मांडावीत आणि प्रत्येक शाळेने १०९८ व १४४१६ हे क्रमांक मुलांना वाचता येतील अशा उंचीवर भिंतीवर लिहावेत. तसेच हजेरीपटावरील ज्या नावापाशी आपला स्वर बदलतो, त्या मुलाशी उद्या सकाळी, परिपाठापूर्वी, अभ्यासाव्यतिरिक्त दोन शब्द बोलावेत. आणि परवाही बोलावेत.